पडवीची जाळी कागदावर कशी दाखवायची?

आई एप्रिलमध्ये आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनाला आली, सहा महिन्यांसाठी. तिला संध्याकाळी चहा घेऊन बाहेर बसायची सवय. इथे मे लागला की बाहेर बसणं म्हणजे डासांना आमंत्रण. म्हणून घरामागच्या लाकडी डेकवर छप्पर घालून तीन बाजूंनी जाळी लावायची असं ठरलं. इथले लोक त्याला स्क्रीन्ड पोर्च म्हणतात, आई त्याला पहिल्या दिवसापासून पडवीच म्हणते.

काम फार तर तीन आठवड्यांचं होतं. पण आमच्या वसाहतीत घराबाहेर काहीही बदल करायचा तर घरमालक संघाच्या समितीची मंजुरी लागते. समिती महिन्यातून एकदा बसते, आणि तिला एलिव्हेशन लागतात, म्हणजे प्रत्येक बाजूने समोरून पाहिल्यावर घर कसं दिसेल त्याचे आराखडे. इमारतींमधला उजेड हा माझा संशोधनाचा विषय, रेव्हिट हे सॉफ्टवेअर मी रोज उघडते. एवढ्याशा पडवीसाठी कशाला कोणाला पैसे द्यायचे, म्हणून आराखडे मीच काढले. ते दोनदा परत आले. आईच्या सहा महिन्यांतले दोन महिने असे गेले.

पॉडकास्टवर हा किस्सा सांगितला तेव्हा बोलता बोलता विषय अर्धवट राहिला, कारण चित्रातली अडचण नुसती ऐकून कळणं कठीण. म्हणून इथे सविस्तर लिहिते. प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे: जी भिंत आहे पण जिच्यातून आरपार दिसतं, ती एलिव्हेशनमध्ये दाखवायची कशी?

पहिला आराखडा : कोरी भिंत

पहिल्या खेपेला मी जे केलं ते बहुतेक जण करतात. खांब आणि आडव्या पट्ट्या नीट काढल्या, आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक पातळ फलक बसवला. त्या फलकाच्या मटेरियलला पारदर्शकता दिली. स्क्रीनवर शेडेड दृश्यात सुंदर दिसत होतं. मागचं दार, खिडकी, सगळं धूसर दिसत होतं.

पण एलिव्हेशन छापायची पद्धत वेगळी. तिथे रंग आणि छटा नको असतात, काळ्या रेषा हव्या असतात. त्यासाठी हिडन लाइन नावाचं दृश्य वापरतात, म्हणजे पुढच्या वस्तूमागे झाकलेल्या रेषा काढून टाकलेलं दृश्य. ते लावलं आणि दार, खिडकी, सगळं गायब. चौकटीत फक्त पांढरा कागद. मी घाईत होते, तसंच पाठवून दिलं.

यात सॉफ्टवेअरची चूक नाही, ते त्याच्या नियमाने वागतं. झाकलेल्या रेषा शोधून काढायचं गणित १९६३ मध्ये एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी आपल्या प्रबंधात मांडलं. त्यांचा विषय होता घन वस्तू, आणि घन वस्तूचा पृष्ठभाग मागचं झाकतो. त्या हिशोबात 'झाकतो' किंवा 'झाकत नाही' एवढ्या दोनच शक्यता असतात. 'थोडं झाकतो' याला रेषांच्या चित्रात जागाच नाही, कारण रेष एक तर असते किंवा नसते. मटेरियलमधली पारदर्शकता ही रंगाची गोष्ट आहे, आणि हिडन लाइन दृश्याने रंग आधीच बाजूला ठेवलेला असतो.

समितीला काय दिसलं? घरामागे सोळा फूट रुंद आणि आठ फूट उंच कोरी भिंत. आमच्या डाव्या बाजूच्या शेजाऱ्यांना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या डेकवरून पलीकडची झाडं दिसतात. त्यांनी लेखी हरकत घेतली की आमचा देखावा बंद होईल. मला आधी रागच आला, पण कागद पुन्हा पाहिला तेव्हा पटलं की त्यांच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

मधला प्रयोग : खरी जाळी

मग मला वाटलं, ठीक आहे, पारदर्शकतेचं नाटक नको, खरोखरची जाळीच काढूया. भोकं खरी असली की मागचं आपोआप दिसेल.

इथे डासांसाठी जी साधी जाळी मिळते तिला १८ बाय १६ म्हणतात. एका इंचात एका दिशेने १८ धागे, दुसऱ्या दिशेने १६. धाग्याची जाडी ०.०११ इंच, म्हणजे ०.२८ मिलिमीटर. चार फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा एका चौकटीत ८६४ उभे आणि १५३६ आडवे धागे, एकूण २४००. समोरच्या बाजूला अशा चार चौकटी. प्रत्येक धागा चौकोनी काडी म्हणून काढला तरी चार बाजू धरून अडतीस हजारांवर पृष्ठभाग होतात, आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकामागे काय झाकलं जातं ते तपासायचं. माझा लॅपटॉप पंख्यासारखा घरघरू लागला.

पण खरी अडचण पुढेच आली. आराखडा पाव इंचाला एक फूट या मापात होता, म्हणजे १:४८. दोन धाग्यांमधलं अंतर प्रत्यक्षात १.४१ मिलिमीटर, ते कागदावर होतं जेमतेम ०.०३ मिलिमीटर. आराखड्यांसाठी सर्वांत बारीक रेष वापरतात ती ०.१३ मिलिमीटरची. म्हणजे रेषच दोन रेषांमधल्या अंतराच्या चौपटीहून जाड! सगळ्या रेषा एकमेकींवर चढल्या आणि छापलेल्या कागदावर चौकटी डांबर फासल्यासारख्या काळ्या आल्या. आधी कोरी भिंत होती, आता काळी भिंत झाली.

या प्रयोगातून मी एक गोष्ट शिकले. माप बदललं की सगळं लहान होतं, पण रेषेची जाडी लहान होत नाही. त्यामुळे ज्या वस्तूचं दिसणं तिच्या बारकाव्यावर अवलंबून आहे ती वस्तू 'जशी आहे तशी' काढली तर कागदावर भलतीच दिसते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या जिन्यात सिमेंटची जाळी असते ना, तिची भोकं चार-सहा इंचांची. ती १:४८ मध्ये खुशाल खरी काढावी, छान दिसते. डासांच्या जाळीला ते भाग्य नाही.

हा काळा कागद अर्थातच पाठवला नाही.

दुसरा आराखडा : जाळीच नाही

दुसऱ्या खेपेला मी वैतागून फलकच काढून टाकले. नुसते खांब आणि पट्ट्या. मागचं घर स्वच्छ दिसायला लागलं. खाली टीप लिहिली की सर्व चौकटींमध्ये जाळी बसवली जाईल.

टीप कोणी वाचत नाही. समितीने विचारलं की अर्ज जाळीचा आहे तर जाळी कुठे आहे. कॉन्ट्रॅक्टरने तोच कागद पाहून फक्त छपराचं आणि खांबांचं अंदाजपत्रक दिलं. शिवाय आणखी एक गोंधळ झाला. मागच्या भिंतीवरच्या आडव्या फळ्यांच्या रेषा, दाराची चौकट, खिडकीचे गज आणि पुढचे खांब, सगळं एकाच जाडीच्या रेषांनी आलं होतं. दहा फूट मागची भिंत आणि पुढचा खांब एकाच पातळीत चिकटवल्यासारखे. पडवीला खोली आहे हेच कळत नव्हतं.

आणि बाजूचं एलिव्हेशन तर त्याहून बिकट. शेजाऱ्यांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं, कारण ते बाजूने पाहतात. बाजूने पाहिलं की पडवीतून आरपार पलीकडची झाडं दिसतात. पण माझ्या मॉडेलमध्ये झाडं नव्हतीच! मागे काहीच नसल्यामुळे उघडी चौकट पांढरी दिसत होती. पहिल्या आराखड्यातला अपारदर्शक फलकही पांढराच होता. दोन कागद शेजारी ठेवले तर बाजूच्या एलिव्हेशनमध्ये फरक शोधून सापडेना. भिंत असली काय, नसली काय, कागद सारखाच कोरा.

तिथे मला माझी चूक समजली. मी इतके दिवस पारदर्शकता हा जाळीचा गुण समजून तिच्या सेटिंगमध्ये शोधत होते. पण आरपार दिसण्यासाठी पलीकडे काहीतरी असावं लागतं. जाळी, तिच्यामागची वस्तू आणि दोघांवर पडणारा उजेड, या तिघांमधलं ते नातं आहे. एलिव्हेशनमध्ये यातली पहिली गोष्ट काढायची सगळ्यांना सवय असते. दुसरी आपण विसरतो, आणि तिसरी रेषांच्या आराखड्यात नसतेच.

किती टक्के पारदर्शक?

तिसऱ्या खेपेला नीट बसून हिशोब केला. जाळी किती उघडी आहे? एका दिशेने इंचात १८ धागे, प्रत्येकी ०.०११ इंच, म्हणजे इंचातला १९.८ टक्के भाग धाग्यांनी व्यापलेला आणि ८०.२ टक्के मोकळा. दुसऱ्या दिशेने १७.६ टक्के व्यापलेला, ८२.४ मोकळा. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण ६६ टक्के. म्हणजे समोरून पाहिलं तर जाळीचा दोन तृतीयांश भाग निव्वळ हवा आहे.

हा आकडा सरळ सॉफ्टवेअरमध्ये टाकता येतो, आणि त्यामागे एक मजेशीर योगायोग आहे. संगणकीय चित्रांमध्ये पारदर्शकता सांभाळते ती अल्फा नावाची संख्या. ती १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आणली, आणि १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी तिचं गणित पक्कं केलं. त्यांच्या मांडणीत अल्फा म्हणजे पिक्सेलचा किती हिस्सा वस्तूने व्यापला आहे ते प्रमाण. काचेचा रंग वगैरे नंतरची गोष्ट. पिक्सेलच्या आत बारीक बारीक तुकडे विखुरलेले आहेत आणि उरलेल्या जागेतून मागचं दिसतंय, अशी ती कल्पना. म्हणजे डासांची जाळीच की! काचेपेक्षा जाळीलाच अल्फा जास्त चपखल बसतो. ६६ टक्के पारदर्शकता हा इथे अंदाज नाही, मोजलेलं प्रमाण आहे.

शेजाऱ्यांच्या बाजूने मात्र दोन जाळ्या मध्ये येतात, अलीकडची आणि पलीकडची. ०.६६ गुणिले ०.६६, म्हणजे साधारण ४४ टक्के. दोन पारदर्शक थर एकामागे एक ठेवले की सॉफ्टवेअरही असाच गुणाकार करतं. शिवाय हे सगळं अगदी समोरून पाहिलं तर. साठ अंश तिरकं पाहिलं की उभे धागे निम्म्या अंतरावर आल्यासारखे दिसतात आणि एकच जाळी ६६ वरून साधारण ५० टक्क्यांवर येते. सिमेंटच्या जाडजूड जाळीत हा परिणाम फार मोठा. भोक जेवढं रुंद तेवढंच खोल असेल तर पंचेचाळीस अंशांवरून आतलं काहीच दिसत नाही. एलिव्हेशन नेहमी शून्य अंशावरून काढलेलं असतं, म्हणजे कुठलीही जाळी सर्वांत उघडी दिसते त्याच कोनातून. हे शेजाऱ्यांना सांगणं मला गरजेचं वाटलं.

शेवटी काय केलं

ज्यांना असं काम करायचं आहे त्यांच्यासाठी क्रमाने सांगते. नावं रेव्हिटमधली आहेत, पण विचार कुठेही चालेल.

एक : जाळीची भिंत कर्टन वॉल म्हणून काढली. खांब म्हणजे मुलियन, जाळी म्हणजे पॅनल. त्यामुळे जाळीची कॅटेगरी घराच्या बाकी भिंतींपासून वेगळी झाली. साधी भिंत म्हणून काढली असती तर तिला पारदर्शक करताना घराच्या भिंतीही पारदर्शक झाल्या असत्या, किंवा एकेक निवडत बसावं लागलं असतं.

दोन : पारदर्शकता मटेरियलवर न देता त्या एलिव्हेशनच्या व्हिजिबिलिटी-ग्राफिक्समध्ये जाऊन पॅनलच्या कॅटेगरीला दिली. हे हिडन लाइन दृश्यातही लागू होतं. दार-खिडकी परत आली.

तीन : जाळी आहे हे कळण्यासाठी हॅच वापरला, पण पूर्ण चौकटीत नाही, फक्त एका कोपऱ्यात. ही जुन्या ड्राफ्ट्समनची पद्धत, हाताने काढायचे तेव्हापासूनची. कोपऱ्यात चार आडव्या-उभ्या रेषा दिसल्या की पाहणारा उरलेली जाळी मनात भरून घेतो. हॅच ड्राफ्टिंग प्रकारचा ठेवला. तो कागदाच्या मापाला बांधलेला असतो, आराखड्याचं माप बदललं तरी त्याच्या रेषा तितक्याच अंतरावर राहतात. मॉडेल प्रकारचा हॅच वस्तूच्या मापाला बांधलेला असतो, त्यातले चौकोन पाहून एखाद्याला तेवढी मोठी भोकं आहेत असं वाटू शकतं.

चार : मागच्या रेषा फिक्या केल्या. रेव्हिटमध्ये त्यासाठी डेप्थ क्यूइंग आहे, लांबच्या रेषा आपोआप फिक्या होतात. पुढचे खांब ठळक, घराची भिंत पुसट. पडवीला लगेच खोली आली.

पाच, आणि सगळ्यांत महत्त्वाचं : बाजूच्या एलिव्हेशनमध्ये जाळीमागे काहीतरी ठेवलं. पलीकडचे खांब होतेच. त्यात झाडांची साधी बाह्यरेषा घातली आणि खुर्चीत बसलेली एक आकृती. झाडांची रेषा चौकटीच्या बाहेरून आत जाते आणि जाळीमागे थोडी फिकी होते. त्या एका रेषेने जे सांगितलं ते माझ्या दोन पानी पत्राने सांगितलं नव्हतं.

स्केचअप वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. एक्स-रे दृश्य लावू नका, त्यात घराच्या भिंतीसुद्धा पारदर्शक होतात. जाळीच्या मटेरियलची अपारदर्शकता कमी करा. पण तिथे ७० टक्क्यांपेक्षा कमी अपारदर्शक पृष्ठभाग सावली टाकत नाहीत. आपली जाळी ३४ टक्के, म्हणजे सावलीच नाही. खऱ्या जाळीची फिकट सावली पडते, म्हणून उन्हाचा अभ्यास करायचा असेल तर त्या चित्रावर विसंबू नका.

आईचा प्रश्न

तिसरा आराखडा मंजूर झाला. शेजाऱ्यांनी हरकत मागे घेतली, फक्त जाळी करड्या-चंदेरी रंगाऐवजी काळी घ्या असं सुचवलं. सूचना बरोबर होती. उन्हात चंदेरी धागे चमकतात आणि त्या चमकेमागचं दिसेनासं होतं. काळे धागे उजेड कमी परततात, म्हणून भोकं तेवढीच असूनही काळ्या जाळीतून जास्त स्पष्ट दिसतं.

मंजूर झालेला कागद मी आईला मोठ्या कौतुकाने दाखवला. तिने खुर्चीतल्या आकृतीवर बोट ठेवलं.

"ही मी का?"

"हो, तूच."

"अगं, मग मी बाहेरून अशी दिसणार? सगळ्यांना?"

मी म्हटलं, दिवसा नाही दिसणार. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो, छपराखाली त्याच्या कितीतरी पटीने कमी. बाहेरच्या माणसाला उन्हातले धागे आधी दिसतात, आतलं अंधारं. तुला मात्र आतून सगळं दिसेल.

"आणि रात्री दिवा लावला की?"

रात्री उलटं. आत उजेड, बाहेर काळोख. जाळी तीच, ६६ टक्के तीच, पण आता बाहेरच्याला आतलं स्पष्ट दिसतं आणि आतल्याला दिव्याने उजळलेली जाळी. समिती, शेजारी, कॉन्ट्रॅक्टर, कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता, आणि माझ्या आराखड्यात त्याला उत्तर नव्हतं. उजेड हा विषय असलेल्या मलाही तो कागदावर मांडायचं सुचलं नव्हतं, कारण मी पूर्ण वेळ बाहेर उभी राहून घराकडे पाहत होते. आतून बाहेर पाहणाऱ्याचं एलिव्हेशन कोणी मागत नाही.

शेजाऱ्यांच्या बाजूला आम्ही बांबूची चिक लावली. दिवसा गुंडाळलेली, दिवे लागले की खाली. आराखड्यात तिची नोंद करताना एकाच चौकटीची दोन चित्रं शेजारी शेजारी काढली, चिक वर आणि चिक खाली, आणि खाली 'दिवसा' आणि 'रात्री' एवढंच लिहिलं. तीन महिन्यांत काढलेल्या सगळ्या कागदांत मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पडवी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उभी राहिली. आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. त्या मधल्या काळात संध्याकाळचा चहा तिथेच झाला, पाऊस असला तरी. आता फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, पडवीत बसतेस की नाही. बसते. हा लेखही तिथेच बसून लिहिला, चिक अर्धी खाली सोडून.